पातळ कागदाच्या पलीकडे

भिंतीवरचं घड्याळ केसभर कललं तरी जिला घास गोड लागत नाही, अशा त्या बाईला बायबल छापणाऱ्या ऑफिसात सगळे 'फूटपट्टी' म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे फूटपट्टी. तिला दोन्ही ठाऊक होतं. पण बायबलची पानं रचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. म्हणून पुढची ओळ नि मागची ओळ नेमकी पाठीला पाठ लावून बसवायची, म्हणजे पलीकडची अक्षरं इकडे डोकावत नाहीत. पान उजेडासमोर धरलं आणि ओळीवर ओळ बसलेली दिसली, की इतक्या वर्षांनीही तिच्या अंगावर काटा यायचा.

यंदा उत्तराधुनिक वाचकांसाठी मननाचं बायबल काढायचं होतं.

"म्हणजे नक्की कुणासाठी?" तिनं विचारलं.

संपादक म्हणजे चर्चचे एक निवृत्त पाळक, धर्मगुरू. चष्मा पुसत ते म्हणाले, "कुणी ठामपणे काही सांगायला लागलं की जे उठून जातात, त्यांच्यासाठी."

असा एक नग आपल्या घरातच आहे, एवढं तिला लख्ख कळलं.

तिची लेक. बाप गेला तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या झाडून सगळ्यांनी पोरीला कारणं सांगितली. देवाची योजना, देवाची इच्छा. प्रेमानंच सांगितली, पण त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही, की तिनं बायबल उघडलं नाही. आता आईनं फारच गळ घातली तेव्हा म्हणाली, "बरं, तुझा छापील नमुना बघेन. पण एकदाच."

मग काय, ताईनं सगळं पुस्तक त्या एका वाचकासाठी रचलं. पानोपानी समासात मननाच्या चार ओळी. पण स्तोत्रांमध्ये एक असं आहे, की ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. त्याच्या शेजारचा समास तिनं कोरा ठेवला. त्यावरून संपादकांशी चांगलीच जुंपली.

"दुःखी माणसाला असं वाऱ्यावर सोडायचं?" ते म्हणाले. शेवटी छापील नमुना पाहून ठरवू, यावर तह झाला.

नमुना आला आणि तिचं तोंड उतरलं. संगणकावर कोरा दिसणारा समास कागदावर कोरा नव्हताच! पानामागचं मनन तिथं उलटं, करडं उमटलं होतं. बाकी पानांवर दोन्हीकडचे समास भरलेले, म्हणून हे कधी जाणवलंच नव्हतं. जन्मभर ओळीमागे ओळ लावणारी बाई, कोऱ्या जागेमागे काय येईल तेवढंच विसरली.

संपादकांनी टोमणा मारला नाही. हळूच म्हणाले, "डाग वाटतोय, ताई. सांत्वनाच्या चार ओळी घाला आणि झाका. नमुना तेवढा उद्या परत आणा."

ती मान खाली घालून घरी गेली. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पानं भराभर उलटू लागली. आईचा जीव टांगणीला. त्या स्तोत्रापाशी हात थांबला. लेकीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, मग समासावर बोट टेकवलं.

"हे काय गं?"

"चुकलंय माझं. मागचं दिसतंय. झाकून टाकणार आहोत."

लेकीनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. उलटून मागे काय लिहिलंय ते मात्र पाहिलं नाही.

"बाबा गेले तेव्हा सगळे नुसते बोलत होते," ती म्हणाली. "हे काही सांगत नाहीये. पण पलीकडे कुणीतरी आहे. नको झाकूस, आई."

आईनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. उजेडात ती करडी अक्षरं श्वास घेतल्यासारखी वाटत होती. तिला भरून आलं, आणि भीतीही वाटली. हे पान आपण रचलेलं नाही, हे तिला कळत होतं. मग कुणी रचलं, हे स्वतःला विचारायची तिची छाती झाली नाही.

"नमुना परत द्यायचाय का गं?" लेकीनं पानावरची नजर न काढता विचारलं.

"छे, मुळीच नाही," जन्मात कधी मापाबाहेर न बोललेली ती बाई धडधडीत खोटं बोलली.