बांधावरचे बूट

हर्सूलच्या तलावाकडे जाताना रस्त्यालगत सरकारी शेतकी शाळेचा मळा लागायचा, आणि त्या मळ्याच्या बांधावर बुटांची, चपलांची, वहाणांची ही भली मोठी रांग. नवखा माणूस हटकून विचारायचा, आत मशीद आहे की काय? मशीद कुठली! आत ज्वारी होती, आणि त्या ज्वारीत अनवाणी उभे राहून कमरोद्दीन मास्तर पोरांना शिकवत असायचे. अंगात शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी. वरून पाहिलं तर पक्के निजाम सरकारचे नोकर, आणि खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत माती.

मास्तरांच्या बायकोला, नजमुन्निसाला, ह्या मातीचा भारी राग. ती शहागंजातली, हिमरू विणणाऱ्यांच्या घरातली. तिच्या माहेरी माती म्हणजे मोगऱ्याच्या कुंडीत असेल तेवढी. आणि इथं रोज संध्याकाळी सुई घेऊन नवऱ्याच्या तळव्यातले बाभळीचे काटे काढत बसायचं. हात चालायचा तसं तोंडही चालायचं.

"एवढे चांगले बूट घेतलेत ते काय कोनाड्यात ठेवून पूजायला, जी?"

मास्तर नुसते हसायचे. शेरवानीच्या खिशातून दाणे काढून लेकीच्या, सगीराच्या, तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, "सांग बरं, ह्यातला पेरायचा कोणता आणि कोंबडीला घालायचा कोणता?" पोरीचं उत्तर चुकलं तरी शाबासकी मिळायचीच. त्या खिशांपायी आळीतल्या कोंबड्या त्यांच्या मागं मागं यायच्या. शाळेची पुस्तकं उर्दूत होती, पण मळ्यात मास्तरांच्या तोंडून उर्दू अशी निघायचीच नाही. रान म्हटलं की त्यांची जीभ आपोआप मराठीवर यायची, कारण रान त्यांना बापानं मराठीत शिकवलं होतं.

तो बाप म्हणजे रहीम पटेल. कन्नडजवळ काळ्या मातीचं रान, दावणीला खिल्लारी बैल, आणि स्वभाव असा की बैलसुद्धा अंदाज घेऊन हंबरायचे. नवरा बूट का काढतो हे नजमुन्निसाला कुणी सांगायची गरज नव्हती. ते घडलं तेव्हा ती तिथंच होती.

मास्तरांच्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष. तेव्हा ज्वारीवर काणी फार पडायची; कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. गंधक चोळून बी पेरलं तर काणी येत नाही, हे मास्तर गावोगाव सांगत फिरत होते आणि लोक मान डोलावून घरी जात होते. शेवटी त्यांनी बापाला गळ घातली. पटेलांनी पोरासाठी रानाचा एक तुकडा दिला. गावानं चेष्टा केली, की पटेलाच्या रानात आवंदा फटाके उगवणार. पण पीक असं आलं की चेष्टा करणारेच बांधावर येऊन कणसं चाचपू लागले. पटेल मिशीतल्या मिशीत खूश होते.

मग मळणीच्या दिवशी खात्याचे मोठे साहेब, मोहतमीम, स्वतः बघायला आले. खळं सारवून आरशासारखं केलेलं, मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल फिरतायत, त्यांच्यामागं पटेल अनवाणी, आणि शेजारचा सांडू सुपानं वारं देतोय. साहेबाला दाणा दाखवायची मास्तरांना इतकी घाई झाली, की ते पुढं धावले आणि नव्याकोऱ्या बुटांनिशी थेट खळ्यात शिरले. राशीत पाय रोवून त्यांनी ओंजळ भरली. त्यांच्यामागून साहेबही आले, तेही बुटांसकट.

बैल थांबले. सांडूचं सूप वरच्या वर राहिलं. कडेवर लहानगी सगीरा आणि हातात सरबताचा तांब्या घेतलेल्या नजमुन्निसाला काय झालं ते कळलं नाही. पण सासऱ्याचा चेहरा पाहून ती दोन पावलं मागं सरली.

साहेबांची गाडी वळल्यावर पटेलांनी रास बाजूला ओढली, शेण मागवलं आणि ते अख्खं खळं पुन्हा स्वतःच्या हातानं सारवायला बसले. मास्तर मदतीला वाकले तर हात आडवा केला.

"साहेब शहरातला हाय, खळ्यात जोडा चालत नाय हे त्याला काय ठावं? पण तू? तू ह्या खळ्यात रांगला. जा आता. तू सरकारचा झाला, रानाचा नाय राहिला."

त्यानंतर दर साली सांडू ज्वारीचं पोतं गाडीतून औरंगाबादला आणून टाकायचा, पण खळ्यावर या असा निरोप काही त्याच्याबरोबर यायचा नाही. ईदेला गेलं की पटेल नातीला खांद्यावर बसवून गावभर फिरवायचे. मुलाशी मात्र पावसापाण्यापुरतं बोलायचे. मास्तर सांडूला चहा पाजून हळूच विचारायचे, "खळं झालं का रं?"

"झालं की."

"अब्बा काय म्हनले?"

सांडू बशीत बघत चहा फुंकायचा. मास्तर सगळ्यांसमोर शाळेत शहाणपण सांगतात आणि घरी पोत्याच्या शिवणीवरून हात फिरवत बसतात, हे बघून नजमुन्निसाला सासऱ्याचा राग यायचा, नवऱ्याचाही यायचा, आणि रडूही यायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग पटेलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि सांडूनं त्यांना दवाखान्यासाठी मास्तरांच्या घरी आणून सोडलं. दोन दिवसांत म्हातारा कंटाळला. तिसऱ्या दिवशी नजमुन्निसा नवऱ्याची भाकरी घेऊन निघाली, तेव्हा काठी टेकत तिच्यामागं चालू लागला. सरकारी मळा म्हणजे शेत नव्हे, बाहुल्यांचा खेळ, असं वाटभर बडबडत होता.

बांधापाशी म्हाताऱ्याच्या काठीला काहीतरी लागलं. पटेल खाली वाकले आणि चाचपू लागले.

"हे कुणाचे जोडे?"

"पोरांचे, अब्बा. आन् हा तुमच्या लेकाचा." तिचा आवाज जरा चढलाच. "त्या दिवसापासून एकदाबी बूट घालून रानात गेले नाहीत. काटे मी काढते रोज. विचारा मला!"

मास्तरांचा बूट उचलून पटेलांनी तळाला अंगठा फिरवला. मग तो खाली ठेवला, आपला जोडा काढून त्याच्या शेजारी लावला आणि सुनेच्या हाताला धरून ज्वारीत उतरले. पोरं बाजूला सरली. मास्तरांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. पटेलांनी जवळचं ज्वारीचं एक ताट वाकवलं, कणीस मुठीत धरून वरपासून खालपर्यंत दाबलं, मग दुसरं.

"काणी नाय," ते म्हणाले.

"नाय, अब्बा."

"आन् खळं कुठं करनार हायेस?"

"अजून ठरलं नाय."

पटेलांनी गालावर वारं घेत मान फिरवली. "तिकडं उंचवट्यावर कर, वारं लागंल. शेण तेवढं ताजं आनून ठेव. सारवायला मी येतो."