वहिनींना हवा असलेला वाडगा

वस्ताद गेल्यावर महिनाभराने वहिनींनी मला घरी बोलावलं आणि एकच मागणं केलं. ह्यांच्या हातचा एक वाडगा. लहान असो, मोठा असो, कसाही चालेल, पण पुरता ह्यांच्या हातचा.

"भाऊजी, घरात एकही नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर लाकूड कातलं आणि माझ्याकडे ह्यांचं म्हणून काही उरलं नाही."

मी म्हटलं, आणून देतो. त्यात काय अवघड आहे, असंच मला तेव्हा वाटलं.

वस्ताद फर्निचरच्या कारखान्यात कातारी होते. लाकूड लेथवर चढवायचं, ते गरगर फिरू लागलं की पटाशी टेकवायची आणि त्याला गोलाई द्यायची, हे त्यांचं काम. खुर्च्यांचे पाय आणि जिन्याच्या कठड्याचे दांडे. एकासारखा एक. ते म्हणायचे, "मी एकच पाय केला रे आयुष्यभर. फक्त पुन्हा पुन्हा केला." कारखाना सुटल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ बसवला. त्याला पिठाच्या गिरणीतून काढलेली मोटर जोडली आणि मनासारखे वाडगे करायला सुरुवात केली. दार उघडंच असायचं. आवाज ऐकून एकेक जण डोकावला आणि तिथलाच झाला. त्यात मी होतो. पाण्याच्या पंपावरून निवृत्त झालेला, घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्या दिवशी मी दारात पाऊण तास उभा राहिलो असेन आणि एक शब्दही बोललो नाही. वस्तादांनी मान न वळवता विचारलं, "काय बडबड्या, आत येणार की तिथूनच डोकं खाणार?" तेव्हापासून माझं नाव बडबड्याच पडलं.

रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण जमायचो. कुणी कपडे शिवणारा, कुणी बँकेतला, कुणी शाळेतला शिपाई. फी नाही, नियम नाहीत. पटाश्या त्यांच्या, लाकूड त्यांचं, चहा वहिनींचा. आणि त्यांची शिकवायची एक रीत होती. ओबडधोबड ठोकळा ते स्वतः लेथवर चढवायचे, कारण तो नीट बसला नाही तर सुटून छातीत बसतो. साल उडायची, ढलप्यांचा मारा व्हायचा. वाडग्याची बाहेरची गोलाई ते पुरी करायचे. मग मोटर बंद करून, वाडगा उलटा बसवून, पटाशी आपल्या हातातून आमच्या हातात द्यायचे. "आता पोट तुझं."

आतला भाग आम्ही कोरायचो. मागे त्यांचा हात आमच्या कोपराला नुसता टेकलेला असायचा. हिशेब चुकला की पटाशी तळातून आरपार जायची. वाडग्याचं नळकांडं व्हायचं आणि आपण भोकातून पलीकडची भिंत बघत उभे. हे सगळ्यांचं झालं आहे. वस्ताद कधी रागावले नाहीत. तो भोक पडलेला वाडगा ते हौसेने घरात घेऊन जायचे आणि चांगला झालेला ज्याचा त्याला देऊन टाकायचे. वहिनी त्या भोकाच्या वाडग्यांत झाडं लावायच्या. "बरं झालं, पाणी जायला वाट आयतीच आहे," असं म्हणून आम्हाला टोमणा मारायच्या. त्यांच्या गॅलरीत आमच्या चुका ओळीने मांडलेल्या होत्या.

तर मी रविवारी सगळ्यांना टेलरच्या दुकानात बोलावलं आणि सांगितलं, वस्तादांच्या हातचं जे काही असेल ते घेऊन या. सगळे पिशव्या घेऊन आले. कापायच्या लांब टेबलावर वाडगे मांडले. काय सुंदर दिसत होते. मग टेलर, जो कायम सगळ्यांच्या आधी बोलतो, तो म्हणाला, "ह्यातला पुरता त्यांचा कुठला?"

आम्ही एकेक वाडगा उचलून आत-बाहेर बघू लागलो. शिपाई म्हणाला, "माझा जवळजवळ त्यांचाच आहे. मी नुसता आतून..."

"नुसता आतून म्हणजे काय? वाडग्यात दुसरं असतं काय, आतच असतं ना!"

"तुझ्या वाडग्याच्या आत तर नांगरट केलेली आहे," बँकवाले टेलरला म्हणाले.

"मग तुमचा द्या ना वहिनींना. द्या! बघू."

बँकवाल्यांनी आपला वाडगा उचलून पोटाशी धरला. सगळे हसले. एकूण एक वाडगा बाहेरून वस्तादांचा आणि आतून आमचा होता. त्यांनी आम्हाला दिलं नाही असं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचं स्वतःचं असं काही शिल्लक नव्हतं.

मग मला शेडचा माळा आठवला. वस्ताद ओल्या लाकडाचे वाडगे आधी जाडजूड कातून माळ्यावर ठेवायचे. वर्षभरात ते वाळतात, वाळताना थोडे वाकतात, मग पुन्हा लेथवर घेऊन शेवटचा हात फिरवायचा. त्या शेवटच्या हातातलं पोट आमच्याच वाट्याला यायचं, पण कच्चा वाडगा आतून-बाहेरून ते एकटेच करायचे. वहिनींकडून किल्ली घेतली. आम्ही दोघे गेलो, टेलर आणि मी. शेडमध्ये लेथवर चादर टाकलेली होती. टेलर शिडीवर चढला, पोती बाजूला सारली आणि ओरडला, "आहे! एक आहे!"

शिरीषाचं लाकूड होतं. गेल्या वर्षी शाळेच्या कोपऱ्यावरचं झाड पडलं, त्याचं. त्याने वरूनच वाडगा माझ्या हातात दिला, मी फुंकर मारून धूळ उडवली. गोलाई त्यांचीच, बघताच ओळखू येत होती. टेलर खाली उतरला, त्याने वाडगा माझ्या हातातून घेऊन उलटा केला, आणि त्याचा चेहरा उतरला.

तळाच्या मधोमध गाभा होता. झाडाच्या अगदी मध्यभागी जो गडद ठिपका असतो तो. त्याच्यापासून तीन तडे निघून काठापर्यंत गेले होते. एकातून तर बोटाचं नख आत जात होतं.

शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट एकच. ओंडका उभा चिरायचा, दोन फाळ्या करायच्या, मधला गाभा काढून फेकायचा. "गाभा ठेवलास तर वाडगा फाटणार. आज नाही तर वर्षाने, पण फाटणार." पटाशी धरायला शिकवण्याआधी ते हे शिकवायचे. आमच्यातला सर्वांत मठ्ठ माणूसही ही चूक करत नाही.

"त्यांना कळलं कसं नाही?" टेलर म्हणाला.

मला एकेक आठवायला लागलं. शेवटच्या वर्षी एकाच सकाळी ते तोच धडा दोनदा द्यायचे, पहिल्यांदा दिलाच नसल्यासारखा. बँकवाल्यांना त्यांनी दोन रविवार पाठोपाठ "नवीन दिसता" म्हटलं आणि आम्ही पोट धरून हसलो. त्यांची गंमत करायची सवय माहीत होती ना. वस्तादांचा पेशन्स बघा, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्यांची आठवण पुसली जात होती आणि आम्ही समोर बसून चहा पीत होतो.

टेलर बराच वेळ वाडगा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "नवा करू. त्यांच्यासारखा. वहिनींना काय कळणार?"

"बाहेरून कोण कातणार?" मी विचारलं.

धोका नको म्हणून बाहेरचं काम वस्ताद नेहमी स्वतः करायचे. आम्ही शिकवा म्हणालो की म्हणायचे, "पुढच्या वर्षी. घाई काय आहे?" आम्हालाही घाई नव्हती. टेलरने तरी हट्टाने चादर काढली, एक ठोकळा चढवला. मोटर सुरू होताच सबंध लेथ थडथडायला लागला. आम्ही दोघे म्हातारे भिंतीला चिकटून उभे राहिलो आणि त्याने कसंबसं हात लांब करून बटण दाबलं. ठोकळा थांबेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी मी तो फाटलेला वाडगा फडक्यात गुंडाळून वहिनींकडे नेला. टेलरने स्कूटरवरून आणून सोडलं, पण वर यायला तयार झाला नाही. "मला खोटं बोलावंसं वाटेल," म्हणाला. "तू बोलतच नाहीस, तू जा."

वहिनींनी वाडगा मांडीवर घेतला. पदराने पुसला. तड्यावरून बोट फिरवलं.

"हा फाटलाय, भाऊजी."

"हो. गाभा राहिला."

"ह्यांच्या हातून?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं, "केव्हाचा?"

"शाळेजवळचं शिरीष पडलं ना, त्याचा."

मग त्यांनी वाडगा मांडीवरून उचलून आमच्या दोघांच्या मध्ये पलंगावर ठेवला.

"तेव्हा हे मला बाई म्हणायचे," त्या म्हणाल्या. "बाई, तुमचे मालक कधी येतात? उशीर झाला, मी निघू का? असं. रात्री दाराला कडी घालून बसायचे मी. रविवारी मात्र मी अंघोळ घालून, भांग पाडून शेडमध्ये पाठवायचे. तुमच्यात गेले की हात आपोआप चालायचे. तुम्हाला काही कळलं नाही, म्हणजे माणूस अजून आहे थोडा, असं मी धरून चालले होते."

मला म्हणावंसं वाटलं, वहिनी, आम्हाला कळायला हवं होतं.

"आम्ही तुम्हाला आमच्यातला एखादा देऊ," मी कसंबसं म्हणालो. "बाहेरून पुरता त्यांचाच आहे. माझा घ्या."

"नको. तो तुमचा आहे. दिलेला परत कसा घेऊ?" त्यांनी तो फाटका वाडगा फडक्यात पुन्हा गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्यापुढे केला. "हाही घेऊन जा. राग मानू नका. पण ज्याने हा केला त्याला मी माहीत नव्हते. मला त्याच्या आधीच्या माणसाचं काहीतरी हवं होतं."

त्या आधीच्या माणसाने सगळं आम्हाला देऊन टाकलं होतं. हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी जिना उतरलो. टेलर स्कूटर चालू ठेवूनच थांबला होता. माझ्या हातातलं गाठोडं बघितल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "बस."

मी मागे बसलो. गाठोडं आमच्या दोघांच्या मध्ये राहिलं आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.