पाचवी खुर्ची

"पाच बसल्याखेरीज ऐकायचं नाही," जानकीराम नेहमी म्हणायचे.

दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या मागे उभं राहायचं आणि ते बसताना अलगद खुर्ची पुढे सारायची, यात त्यांची हयात गेली. साध्या खटल्याला दोन खुर्च्या, कधी तीन. पण राज्यघटनेचाच अर्थ लावायचा असेल, तर पाचांहून कमी चालत नाहीत. घटनेतच तसं लिहिलंय. निवृत्त होऊन कुंभकोणम्‌ला परतताना हा नियम ते सोबत घेऊन आले.

बायको वेदवती वारली आणि दिवेलागणीला घरातला झोपाळा आपोआप हलू लागला. वारा नसायचा, तरी कड्या कुरकुरायच्या. मुलगी सुप्रजा कड्यांना तेल घालून थकली.

"तुझी आई बोलावते गे," अप्पा म्हणाले. "पण जगायचं की जायचं, हे एकट्यानं कसं ठरवायचं? पाच हवेत."

तेव्हापासून ते रोज ओट्यावर वेताच्या चारच खुर्च्या मांडत. झोपाळ्याकडे वळून म्हणत, "न्यायपीठ अपुरं आहे. पुढची तारीख." झोपाळा थांबायचा. सुप्रजाला आधी हसू यायचं. पुढे तीच पाचवी खुर्ची कोठीत घालून कडी लावू लागली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी केळीची पानं काढायला कोठी उघडली, ती उघडीच राहिली. संध्याकाळी चुलते हनुमंतराव, त्यांच्या पाठचे दोन भाऊ आणि शेजारची अलमेलु ओट्यावरच्या चारही खुर्च्यांत फिल्टर कापी पीत बसले. सुप्रजा दिवसभर उभीच होती. गुडघ्यांमागे वेताची कड लागली, कुणीतरी खुर्ची हळूच पुढे सारली, आणि ती बसली.

अप्पाच असतील, असं तिला वाटलं. पण अप्पा समोर उभे होते.

त्यांनी पाचही चेहरे पाहिले. उपरणं नीट केलं. "वेदवती बोलावते. जाऊ?"

"बायको बोलावते आणि विचारतोस काय रे?" हनुमंतराव हसले. "जा की! नाहीतर तिथनं येऊन कान पिळेल!"

दोघे भाऊही हसत म्हणाले, "जा, जा."

"अय्यो, असलं बोलू नका," अलमेलुने कापीचा पेला खाली ठेवला.

"नको अप्पा!" सुप्रजा ओरडली.

"तीन विरुद्ध दोन." अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं म्हणणंही निकालात राहतं, पोरी. पण चालतं तिघांचं."

ते ओट्यावरून उतरले. आत झोपाळा थांबला होता. सुप्रजा उठू गेली, पण उठता येईना. खुर्ची मागून घट्ट दाबलेली होती. कावेरीकडच्या रस्त्यावर अप्पा सावकाश, मान ताठ ठेवून चालत गेले. हनुमंतराव अजून हसत होते. पाचव्या खुर्चीतून सुप्रजा पाहत राहिली, आणि अप्पा वळणाआड होईपर्यंत तिच्या मागचा हात सुटला नाही.