साळवेकाकांची स्कूटर

"एकही पोट्टं पास नाही, मॅडम. दुसरं वर्ष झालं." साळवेकाकांनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा वर्ग आता बंदच करा. पोट्टे बसतीन मोठ्यांच्या उपासनेत."

अकोल्यातल्या चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. साळवेकाका कमिटीचे सेक्रेटरी, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्याशेजारी विमल टीचर, वीस वर्षं या वर्गाला शिकवणाऱ्या. त्या रुमालाची घडी घालत होत्या आणि परत मोडत होत्या. मी अमरावतीची, राजापेठेत राहते. आमच्या भागातल्या शब्बाथशाळांची सुपरवायझर. शब्बाथशाळा म्हणजे दर रविवारी मुलांसाठी भरणारा बायबलचा वर्ग. वर्षाअखेर त्याची पाठांतर परीक्षा होते. नेमून दिलेली वचनं न अडखळता म्हणायची. विमल टीचरांची चौदाही मुलं अडखळत होती.

"दोन रविवार द्या," मी म्हटलं. "मग रिपोर्ट देते."

"दोनच," साळवेकाका म्हणाले.

पहिल्या रविवारी मी वर्गात मागे सतरंजीवर बसले. पाठ होता, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याचा. विमल टीचर गोष्ट फार छान सांगत होत्या. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. म्हणजे गडबड शिकवण्यात नव्हती. मग मी पुढे गेले.

"शिष्य किती?"

"बारा!" खिडकीवरची कबुतरं उडाली.

"आणि तेरावा कोण?"

दोन वेण्या घातलेल्या, अकरा वर्षांच्या रूथने हात वर केला. "मॅडम, यहूदाची जागा खाली झाली होती ना? तेरावा तिथं लागला असंन."

वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर बरोबर होतं. यहूदाने येशूला दगा दिल्यावर त्या जागेवर पुढे खरंच दुसऱ्याची नेमणूक झाली होती. ज्या मुलीला वचन आठवत नाही, ती एवढा विचार करते, हे मी डायरीत लिहिलं.

"तेरावे तुम्हीही. शिष्य म्हणजे नुसता ऐकणारा नाही," मी सांगितलं. "गुरूचं पाहून तसं करणारा. येशूने पाय धुतले. तुम्ही या आठवड्यात कोणा एकाचं एक काम करायचं. रोज. कोणी सांगायच्या आधी, आणि कोणाला न सांगता."

"अन् पकडल्या गेलो तं?" एकाने विचारलं.

"तर हसायचं आणि पळायचं."

असा होमवर्क त्यांना कधी मिळाला नव्हता. चौदा जणांची कुजबुज सुरू झाली ती मी बससाठी निघाले तरी चालूच होती.

बुधवारी विमल टीचरांचा फोन आला. "मॅडम, मायांनी मले भंडावून सोडलं! एकीचा पोरगा सकाळी उठून पाणी भरून रायला. ती म्हणते, शाळेत काय फोडून आला? एक आजोबा म्हणतात, नात रोज माहा बिछाना घडी करते, नक्की मोबाइल मागणार." बोलता बोलता त्यांना हसू आवरेना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

शनिवारी साळवेकाकांचा फोन आला. "उद्या येऊन रायल्या ना? या. मले बोलायचं आहे." आवाज जड होता. रिपोर्टची वाट न बघता हे वर्गाला कुलूप लावतात की काय, असं मला वाटलं.

रविवारी उपासना संपल्यावर मी आणि विमल टीचर मागच्या खोलीत गेलो. साळवेकाका बसलेले होते. शेजारी रूथ, मान खाली घालून.

"सोमवारपासून माही स्कूटर कोणीतरी पुसून रायलं होतं," काकांनी सुरुवात केली. "सीट साफ, आरसे चकाचक. मले वाटलं, चोर पेट्रोल काढते अन् बोटाचे ठसे पुसून जाते. काल पहाटे मी दाराआड उभा रायलो. पाहतो तं ही! हातात फडकं. म्या विचारलं, काहून वं, तुले माहीच गाडी भेटली?" ते रूथकडे वळले. "सांग, आता तूच सांग."

रूथने एकदा विमल टीचरांकडे पाहिलं. "तुमचा राग आला होता जी. तुमी आमचा वर्ग बंद करून रायले. टीचर म्हणल्या, ज्याचा लय राग येते त्याचंच काम करा. बाकीचे सोपे आहेत."

हे मी सांगितलं नव्हतं. मी विमल टीचरांकडे पाहिलं.

"तुमी गेल्यावर तुमचा पाठ थोडा वाढवला मी," त्या हळूच म्हणाल्या. "चालते ना?"

मी डायरी उघडून ते लिहून घेतलं. मी लोकांना शिकवायला शिकवते.

साळवेकाकांनी चष्मा काढून पुसला. "मग हिनं मलेच विचारलं, काका, तुमाले कोणाचा राग येते? म्या म्हणलं, तुह्या टीचरचा." आणि ते मोठ्याने हसले. रूथही हसली, आणि होमवर्कच्या नियमाप्रमाणे पळाली.

"वर्ग चालू राहू द्या," काका म्हणाले. "पण परीक्षा द्यावीच लागन. विमलबाई, पाठांतर मी घेतो. चालते?"

विमल टीचरांनी रुमाल पर्समध्ये ठेवला. "सतरंज्याही तुमीच टाका मग," त्या म्हणाल्या.

पोस्टात असताना काकांना अख्ख्या वऱ्हाडाचे पिनकोड तोंडपाठ होते. ते दर रविवारी अर्धा तास आधी यायचे, सतरंज्या टाकायचे आणि वचनं चालीवर म्हणून घ्यायचे. वर्षाअखेर चौदापैकी नऊ जण पास झाले. रूथ दोन वचनं विसरली, नापास झाली. तिच्यासाठी परीक्षकांशी सर्वांत जास्त हुज्जत घातली साळवेकाकांनी. निकाल काही बदलला नाही. रूथने पेढे मात्र पास झालेल्यांपेक्षा जास्त खाल्ले.

नव्या टीचरांच्या ट्रेनिंगमध्ये मी आता एकच सांगते. मुलांना देण्याआधी होमवर्क स्वतः करून पाहा. मी विमल टीचरांच्या नियमाने केला. वरच्या मजल्यावर जाऊबाई राहतात, आमचं बोलणं बंद होतं. रोज त्यांचे वाळलेले कपडे दोरीवरून काढून, घड्या करून दाराशी ठेवले. चौथ्या दिवशी त्यांनी जिन्यावरून विचारलं, "काय पाहिजे तुले?" सहाव्या दिवशी चहा आला. साखर कमी होती. पण आला.