जाऊबाईंचा ऑनलाइन कॅमेरा

आमच्या जाऊबाई भांडत नाहीत, विचारतात. भांडणारं माणूस एक वेळ परवडलं, ते दमतं तरी. विचारणारं दमत नाही. भोपळा घेताना "कापल्यावर सडका निघाला तर परत घ्याल ना?" असं भाजीवालीला तोंडावर विचारायचं, आणि ती "हो" म्हणेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही यांची तऱ्हा. मी शेजारी उभी राहून शरमेने अर्धी होते. मी भांडखोर आहे, कबूल. पण मी एकदा ओरडले की मोकळी होते.

लग्न होऊन आल्या तेव्हापासून जाऊबाई कोपऱ्यावरच्या स्टुडिओत कामाला होत्या. स्टुडिओवाले बटण दाबायचे, पुढची सगळी उस्तवार यांची. मिटलेले डोळे उघडायचे, कॉलर सरळ करायची, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, सगळं कॉम्प्युटरवर. फोटोखाली नाव मात्र स्टुडिओचं. स्टुडिओवाल्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्यांचा जुना, परदेशातून आणलेला कॅमेरा यांनी विकत घेतला आणि घरच्या पुढच्या खोलीत पांढरी चादर टांगून स्वतःचं काम सुरू केलं. बाळांचे फोटो, पासपोर्टचे फोटो. मोठे दीर मालगाडीवर, आठवड्यातून एकदा घरी; ते त्या चादरीखालून वाकून जायचे आणि चकार शब्द काढायचे नाहीत.

जुन्या कॅमेऱ्याने शेवटी मान टाकली. मग जाऊबाईंनी ऑनलाइन बघायला सुरुवात केली. कंपनी तीच, नवा कॅमेरा. विकणाऱ्याला त्यांनी इतके प्रश्न पाठवले, की मला त्या बिचाऱ्याची कीव आली. एकच प्रश्न फिरून फिरून: "बिघडला तर इथल्या इथे दुरुस्त होईल ना?" तो म्हणाला, होईल; हा इथल्याच बाजारासाठी आलेला माल आहे, वॉरंटी आहे तोवर कंपनीचं गावातलं सेंटर फुकट करून देईल. तेव्हा कुठे बाईंनी पैसे भरले.

स्टुडिओवाल्यांना कळलं तेव्हा ते आमच्या दारात उभे राहून हसले. "ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला ना आई ना बाप. बिघडला की रडत बसाल."

मेल्याची जीभच काळी.

त्या वर्षी मोठ्या शाळेच्या बाईंनी वर्गांच्या फोटोंचं काम जाऊबाईंना दिलं. ते काम स्टुडिओवाल्यांच्या वडिलांपासून त्यांच्याच घरात होतं, आणि ते हातचं गेलं म्हणून त्यांचा नुसता जळफळाट. "बाईमाणसाला एवढी पोरं आवरणार आहेत का?" असं ते गावभर विचारत होते. जाऊबाईंचा तर जीवच त्या कामात गुंतला होता. हे नीट झालं तर बाकीच्या शाळाही येतील, नाही झालं तर पुन्हा त्यांच्या स्टुडिओत जाऊन दुसऱ्याच्या फोटोंमधला घाम पुसा. शनिवारी फोटो, आणि त्याच आठवड्यात मंगळवारी कॅमेरा अडला. बटण दाबलं की आत नुसती खरखर, आणि फोटो काळाकुट्ट.

त्या दिवशी जाऊबाई शाळेत बाकं मांडून बघायला गेल्या होत्या. मामंजी म्हणाले, "मी नेतो सेंटरवर."

मामंजी, म्हणजे आमचे सासरे, भला माणूस. खोड एकच: खोकं टाकायचं नाही. गल्लीत त्यांना खोकेवाले आजोबाच म्हणतात. माळ्यावर बुटांची खोकी, मिक्सरचं खोकं, कधीच मोडीत गेलेल्या पंख्याचं खोकं. आणि नुसती साठवत नाहीत, तर खोक्यांची योग्यता ठरवतात. हे दणकट, हे लेचंपेचं. वस्तू कुठलीही असो, तिला तिच्या लायकीचं खोकं मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या दाढीचं सामान बघावं तर कसल्या तरी गुळगुळीत छापील खोक्यात थाटात बसलेलं.

तर मामंजी कॅमेरा घेऊन गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "नाही होणार. कॅमेरा बाहेरचा आहे म्हणतात. इथल्या यादीत त्याचा नंबरच नाही. ज्या देशात विकला तिथे पाठवा म्हणाले."

जाऊबाई मटकन खाली बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पण मी विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. "मी विचारलं होतं गं." मग मी त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा जरा बरं वाटलं. मला, त्यांना नाही.

बातमी स्टुडिओवाल्यांपर्यंत कशी पोचली देव जाणे. संध्याकाळी शाळेच्या बाईंचा फोन आला. "तुमचा कॅमेरा बंद आहे म्हणे? शुक्रवार संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. नाहीतर मला त्यांना बोलवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी केसांना पिन लावली, कॅमेरा जसा होता तसा खोक्यासकट पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, "चल. तू बोलायचं नाहीस."

सेंटर म्हणजे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची थंडगार खोली. काउंटरवाला तरुण, चष्मा, समोर चहाचा कप. त्याने खोकं बघितलं आणि लगेच ओळखलं. "काल आजोबा आले होते ना? काकू, सांगितलं त्यांना. हा आपल्याकडचा नाही."

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

त्यांनी मोबाइलवरचं बिल दाखवलं. तो म्हणाला, "बिल खरं असेल. ऑनलाइन घेतला म्हणूनही काही अडत नाही. आम्ही बघतो तो नंबर. नंबर इथल्या यादीत असेल तर आम्ही दुरुस्त करतो, नसेल तर हात लावता येत नाही."

"यादीत नाही म्हणजे? चुकून राहिला असेल का?"

"नाही राहत."

"तुम्ही टाइप करताना चुकला असाल का?"

"दोनदा टाकला, काकू."

"बरं. कुठून बघून टाकलात?"

"खोक्यावरून. हे बघा ना, इथे आहे."

"कॅमेऱ्यावर नसतो का नंबर?"

"असतो की, बुडाला. पण तुमच्या कॅमेऱ्याला खाली ती पट्टी लावलेली आहे, तिने झाकलाय." ती पट्टी म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा बसवायची लोखंडी चकती. जाऊबाई ती कधीच काढत नाहीत. "खोक्यावर तोच असतो, म्हणून खोक्यावरून घेतला."

जाऊबाई खोक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते फिरवलं. कोपऱ्यात पेनने काढलेलं एक फूल होतं, पुसट झालेलं. ते फूल माझ्या लेकीने काढलेलं, ती लहान असताना. तेव्हा नवा कॅमेरा कुठे होता घरात?

"अगं बाई!" मी ओरडलेच. "हे त्या जुन्या, परदेशातल्या कॅमेऱ्याचं खोकं! नव्याच्या खोक्यात मामंजींचा दाढीचा ब्रश आहे!"

काउंटरवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला.

जाऊबाईंनी पर्समधून एक नाणं काढलं, कॅमेरा पालथा केला, चकतीच्या स्क्रूत नाणं घातलं आणि फिरवायला लागल्या. घट्ट बसला होता मेला. त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडली. सुटला एकदाचा. खाली बारीक अक्षरांत नंबर. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"आता हा टाका," त्या म्हणाल्या, "आणि मोठ्याने वाचत टाका."

त्याने एकेक आकडा वाचत टाकला. तो वाकला, चष्मा वर सरकवला आणि हसला. "आहे, काकू! इथलाच आहे. वॉरंटीत आहे. फुकट होईल."

"कुठे होईल?"

"इथेच. पार्टही शिल्लक आहे. शुक्रवारी दुपारी घेऊन जा."

"शुक्रवारी नक्की? लाइट गेली तर? तुम्ही रजेवर असलात तर?"

"काकू," तो हात जोडून म्हणाला, "मी उपाशी राहून करतो."

जिना उतरून खाली रस्त्यावर आल्यावर जाऊबाईंनी मला कोपराने असं ढोसलं, की मी केळीवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळले. "विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या, आणि दोघी भर रस्त्यात वेड्यासारख्या हसलो.

घरी मामंजींना सांगायचं नाही, असं वाटेत ठरलं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मामंजी ऐकून घेत राहिले. मग उठले, दाढीचं सामान त्या खोक्यातून काढून स्टीलच्या पेल्यात ठेवलं, आणि खोकं पुसून जाऊबाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. रात्री धड जेवले नाहीत. जाऊबाई त्यांना वाढताना म्हणाल्या, "मामंजी, शनिवारी चला माझ्याबरोबर. पोरं गप्प करायला तुमच्यासारखा आवाज हवा." ते मान खाली घालूनच "बरं" म्हणाले.

शुक्रवारी कॅमेरा हातात आला. शनिवारी शाळेच्या फाटकात बघतो तर स्टुडिओवाले हजर, खांद्याला कॅमेरा. "म्हटलं, तुमचं अडलंनडलं तर असावं कुणीतरी."

"आलात ते बरंच झालं," जाऊबाई म्हणाल्या. "मागच्या रांगेच्या तोंडावर सावली येतेय. तो पांढरा पुठ्ठा जरा धरता का उन्हात?"

आणि शाळेच्या बाई बघत असताना त्या माणसाला तो पुठ्ठा धरावा लागला हो! मला जे काही झालं ते मी पदराआड लपवलं.

मामंजी गरजले, पोरं चिडीचूप झाली. मग जाऊबाईंनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि करड्या आवाजात सांगितलं, "आता जो हसेल त्याला फोटोबाहेर काढीन." झालं! सगळा वर्ग फिदीफिदी हसला, आणि खटकन बटण दाबलं गेलं. एकेक वर्ग असाच. एकदाही खरखर नाही. दुपारपर्यंत शाळेच्या बाईंनी पुढच्या वर्षाचंही काम सांगून टाकलं. स्टुडिओवाले पुठ्ठा भिंतीला टेकवून केव्हाच निघून गेले होते.

सगळ्या शाळेचा मोठा फोटो छापून आला, खालच्या पट्टीत जाऊबाईंचं नाव. फक्त त्यांचं. मामंजींनी चष्मा लावून ते नाव मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोठ्या दिरांना फोन लावून वाचून दाखवलं. फ्रेम घरातच होती, पण तिला मागून लावायला पुठ्ठा नव्हता.

मामंजी आत गेले. कात्रीचा आवाज आला म्हणून मी डोकावले. जुन्या कॅमेऱ्याचं ते दणकट खोकं, फूल काढलेलं, त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि ते सरळ रेषेत कापत होते. या घरात खोकं कापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अहो मामंजी," दारात आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "ते तर सगळ्यात चांगलं होतं."

"होतं ना," मामंजी कापता कापता म्हणाले. "म्हणून तर."