शनी थांबवणारी पेटी

कुठल्याही वस्तूला ते आधी हाताच्या पालथ्या बाजूनं शिवत. वायर असो, सायकलची सीट असो की चहाची बशी. आधी बोटांची पाठ टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच वस्तू उचलायची. मी एकदा कारण विचारलं.

"करंट असला की मूठ आवळती, सर. तळवा लावला तर वायर सुटत न्हाय. पालथा लावला तर हात आपसूक मागं येतो."

"पण ही बशी आहे."

"हाताला काय ठाऊक?" असं म्हणून त्यांनी चहा ओतून घेतला.

कळंबच्या सहकारी तेलगिरणीत ते वायरमन होते. सगळं गाव त्यांना वायरमनच म्हणे, म्हणून मीही इथं तेच म्हणतो. तुम्ही तेव्हा आमच्याकडं असतात तर तुम्हालाही ते ओळखू आले असते: खाकी शर्ट, खिशात टेस्टर, अंगाला करडईच्या तेलाचा वास आणि तोंडात एकच शब्द, "दमानं." गिरणीचा मॅनेजर ओरडत आला तरी दमानं, आणि पावसाची सर आली तरी दमानं.

मोठ्या दुष्काळाला पाच-सहा वर्षं झाली होती. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती. शाळेनं दिलेल्या पैशांतून काच आणून, तिचा आरसा महिनोन् महिने घासून मी एक दुर्बीण तयार केली होती. ही बातमी गिरणीपर्यंत गेली आणि एका संध्याकाळी वायरमन शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले.

"सर, एक विचारायचं व्हतं. उगवतीला एक पिवळसर तारा आलाय. बाकीचे लुकलुकत्यात, त्यो लुकलुकत न्हाय. कारभारणीनं विचारलंय."

"तो शनी. पण त्यांना आभाळाची एवढी माहिती कशी?"

"तिला दुसरं बघायला काय हाय?" ते म्हणाले.

दुष्काळात त्यांची बायको तलावाच्या कामावर जात होती. तिथं मुरमाची दरड अंगावर कोसळली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्या बाजेवर होत्या. दिवसा घरात आणि दिवस मावळला की अंगणात. वायरमन कामावरून आले की आधी बाज बाहेर काढत आणि मगच तोंड धूत. पाच वर्षं उताणं पडून त्या बाईनं सगळं आभाळ पाठ केलं होतं. नावं ठाऊक नव्हती, पण कोण कधी उगवतं, कोण कुणाच्या मागून येतं आणि कुणाची जागा बदलते, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

मी दोन दिवसांनी दुर्बीण हातगाडीवर घालून त्यांच्या बौद्धवस्तीत नेली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. विजेचे खांब वस्तीच्या अलीकडंच संपत होते. अख्ख्या गिरणीचे दिवे लावणारा माणूस घरी कंदील लावत होता.

मी शनी दुर्बिणीत धरला. वायरमननी बायकोच्या मानेखाली हात घालून त्यांना जरासं उचललं. डोळा काचेला लागेपर्यंत शनी निसटून गेला. मी पुन्हा धरला, पुन्हा गेला. पृथ्वी फिरते म्हणून तारा सरकतो, हे मी वर्गात रोज सांगत होतो. ते इतकं भराभर होतं हे मला त्या दिवशी कळलं.

"गेला की वो भाऊ," वहिनी म्हणाल्या. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. "ऱ्हाऊ द्या. त्याला घाई दिसती."

आम्ही हसलो, पण मानेला लागलेल्या कळेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

दुर्बिणीला मी एक लहानशी मोटर बसवली होती. ती नळी ताऱ्याच्या चालीनं सावकाश फिरवी. शाळेच्या अंगणात ती झकास चाले, पण तिला लाइट लागे. परत येताना वायरमन गाडी ढकलत होते. नाल्यापाशी थांबून म्हणाले, "बॅटरीवर चालवू. पेटी करावी लागंल."

पेटीला तीन महिने लागले. गिरणीच्या ट्रॅक्टरची टाकून दिलेली बॅटरी त्यांनी मॅनेजरला विचारून घेतली. बॅटरीच्या करंटाचा घरच्या लाइटीसारखा करंट करायचा, तर ट्रान्सफॉर्मर हवा. तो त्यांनी जळक्या पंख्याची तार सोडवून, एकेक वेढा मोजत हातानं गुंडाळला. ट्रान्झिस्टर तापतात म्हणून ते फुटक्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटाच्या तुकड्यावर बसवले. वरची पेटी तेलाच्या डब्याचे पत्रे कापून केली. तिच्या बाजूंना खिळ्यानं भोकं पाडली आणि भोकांच्या कडा कानशीनं घासल्या.

"आत कोण हात घालणार आहे? कडा कशाला घासता?" मी विचारलं.

"ती घालंल. तिच्या उशाला ठिवायची हाय."

एवढं झाल्यावर मी म्हटलं, चला, लावून बघू. ते तयार नव्हते. पेटीतल्या करंटाची चाल गिरणीतल्या लाइटीशी तंतोतंत जुळल्याशिवाय मोटर बरोबर फिरणार नाही. पुढं तरी धावेल नाहीतर मागं तरी राहील. मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. त्यांनी लाइटीवरचा एक ट्रान्सफॉर्मर आणि पेटी शेजारीशेजारी ठेवली आणि डोळे मिटून दोन्हींची गुणगुण ऐकत बसले. आवाज जुळत नसले की मधेच हेलकावा येई. ते पेटीवरचं बटण केसभर फिरवत. रोज थोडा हेलकावा लांबत गेला आणि चैत्रातल्या एका संध्याकाळी थांबलाच. दोन गुणगुणींची एकच झाली. त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले.

आता फक्त दुर्बीण न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला बोलावलं. मागची फेरी त्यांच्या कानावर गेली होती. आवाज न चढवता म्हणाले, "वस्तू शाळेची आहे. तिकडं कशाला न्यायची? सुट्टी लागतेय. कुलपात राहू द्या." मग कागद चाळत म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं आहे ना अजून?"

"तिकडं" या शब्दाचा अर्थ मला कळला. मी "हो सर" म्हणालो.

वायरमनना खरं सांगायची लाज वाटली. मी सांगितलं, "सुट्टीभर प्रयोगशाळेची किल्ली हेडसरांकडं आहे."

ते खोटं होतं. किल्ली माझ्याच जुडग्यात होती.

वायरमन म्हणाले, "बरं. दमानं घ्या." दर आठवड्याला ते बॅटरी सायकलला बांधून गिरणीत नेत, चार्ज करून परत आणत. पेटी बाजेच्या उशाला तयार होती. संपूर्ण उन्हाळा आभाळ स्वच्छ होतं आणि दिवस मावळला की शनी डोक्यावर असे. मी खोलीच्या गच्चीवरून तो पाहत होतो. तिकडं अंगणातून त्याही पाहत असणार. असे पाच आठवडे गेले. वायरमननी दोनदा विचारलं, "किल्लीचं काय झालं का, सर?" दोन्ही वेळा मी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

मृग तोंडावर आला. ढग दिसायला लागले, शनी पश्चिमेला कलला. एक दिवस औषधाच्या दुकानात वायरमन भेटले. हातात पट्ट्या आणि मलम होतं.

"पाठीच्या जखमा चिघळल्यात. ताप उतरंना झालाय."

मी तिथून सरळ शाळेत गेलो आणि कुलूप काढलं. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी मी हातगाडी घेऊन अंगणात पोचलो तेव्हा ते बायकोला पाणी पाजत होते. माझ्याकडं पाहिलं, दुर्बिणीकडं पाहिलं आणि किल्लीचा विषय न काढता कामाला लागले. पेटीच्या तारा जोडल्या, बटण दाबलं. पेटी गुणगुणायला लागली. मी शनी धरला, मोटर चालू केली आणि मागं सरलो.

वहिनींना उचलून काचेपाशी आणायला वेळ लागला. तापानं त्यांच्या अंगाची लाही झाली होती. डोळा काचेला टेकला. मला वाटलं, याही वेळी निसटला.

"उभा हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "कडं घातलंय की वो त्यानं!"

त्यांना कुणी घाई केली नाही. वायरमन एका हातानं त्यांची मान सावरून, एक गुडघा टेकून बसले होते. मधेच त्या म्हणाल्या, "तुमी बघा की." ते म्हणाले, "मी बघतो मागनं. तू बघ." बघता बघताच त्यांना झोप लागली. वायरमननी त्यांची मान अलगद उशीवर ठेवली.

मी मोटर बंद करायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ द्या. जागी झाली तर लागंल."

शनी ढगात जाईपर्यंत पेटी चालू होती. त्या जाग्या झाल्या नाहीत. पुढं पाऊस सुरू झाला आणि अकराव्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभरानं वायरमन पेटी शाळेत घेऊन आले. "घरात नको वाटतीया," एवढंच म्हणाले. हेडसरांनी ती आनंदानं ठेवून घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव घालून घेतलं. मी तेव्हाही काही बोललो नाही. त्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली.

पुढं गिरणी बंद पडली. वायरमनना पुण्याकडं एका कारखान्यात काम मिळालं. निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. ते वळकटीवर बसले होते. गाडी लागली तसा मला धीर आला, किंवा धीर करायला वेळच उरला नाही.

"वायरमन, ती किल्ली हेडसरांकडं नव्हती. माझ्याकडंच होती."

ते वळकटी उचलत म्हणाले, "व्हय. खिशात वाजत व्हती की."

मग त्यांनीच सावरून घेतलं. "तुमची नोकरी व्हती, सर. मी तिला तसंच सांगितलं व्हतं. ती म्हणली, येत्याल भाऊ, दमानं."

कंडक्टरनं घंटी मारली. ते आत शिरले, पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी. खिडकीत काही दिसले नाहीत. बार्शीच्या रस्त्यानं गाडी गेली. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. मी परत गेलो आणि नववीचा तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. पत्ता विचारायचा राहून गेला होता, हे तास संपल्यावर लक्षात आलं.