साहेबांची दाद

परवा साहेबांचा सत्कार झाला. एक तरुण गायिका गात होती आणि पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेले साहेब सोफ्याच्या हातावर अंगठीचं बोट आपटत होते. ते बोट तालात नव्हतं. मी मागच्याच खुर्चीत होतो, म्हणून दिसलं.

हा माणूस तीस वर्षं रेकॉर्ड कंपनीचा सर्वेसर्वा होता. महाराष्ट्रानं कुणाला ऐकायचं ते यानं ठरवलं. मी तिथं पेटी वाजवायचो. काचेपलीकडून यानं हात वर केला, की आम्ही थांबायचो. मिरजेच्या सुशीलाताईंचा तर मुखडाही पुरा झाला नव्हता. "बाई, हा आवाज खपणार नाही," एवढंच म्हणाला. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. इतका नितळ सूर मी पुन्हा ऐकला नाही. तुम्ही तर एकदाही ऐकला नाहीत.

आणि भाषणात म्हणे, "साहेबांचा कान म्हणजे सोनं!" कसलं सोनं? दाद समेवर द्यायची असते, हे गाणं ऐकणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. गायिकेनं तान घेतली, समेला अजून चार मात्रा होत्या, तेवढ्यात साहेब म्हणाले, "वा!" लगेच अख्खी रांग माना डोलवायला लागली. मेंढरं नुसती!

"तुम्हांलाही आवडलं वाटतं?" शेजारच्या बाईंनी हसून विचारलं.

तेव्हा कुठं लक्षात आलं, माझीही मान डोलत होती.